पहिल्या ओवशाची दुपार

गौराईवर माझी श्रद्धा होती. माझ्यावर तिचे लक्ष आहे का, याची मात्र त्या भाद्रपदात खात्री वाटेना. गावोगावी स्वाइन फ्लूची धास्ती होती, मला पाचवा महिना लागला होता आणि पनवेलच्या आमच्या घरी माझा पहिला ओवसा होता. नव्या सुनेने फळापानांनी भरलेली पाच सुपे गौरीपुढे ओवसायची आणि मग एकेक वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायची, ही आमच्याकडची रीत. सकाळपासून अंगात कढ होता. तेरड्याचा ओला वास, धूप, नव्या सुपांचा बांबूगंध, सारे छातीत अडकून बसले होते.

"आई, मला दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचंय," मी सासूबाईंना म्हटले.

"अर्धा ओवसा टाकून? आणि ही साथ निघाली तर आपल्या दारात कुणी उभं राहील का? तो तळोज्याहून आला की ठरवेल."

तो, म्हणजे माझा नवरा, तिथल्या कारखान्यात पाळीवर होता; फोन लागत नव्हता. पोटातला जीव हलला तसे माझे भय दुणावले. तरीही मी तिसरे सूप उचलले. ओवसा मोडला तर गौराई कोपेल, हे दुसरे भय होते.

तेवढ्यात दर्शनाला आलेली एक वयस्कर कोळीण जवळ आली. केसांत अबोली, लुगड्याला खाडीच्या वाऱ्याचा खारा वास. तिने माझे मनगट धरले.

"पोरी, आंग किती तापलाय तुजा! जायाचा हाय ना तुला?"

"तिला विचारून काय होणार?" सासूबाई म्हणाल्या.

"मंग कोनाला इचारू? सून हाय का गौरायची मूरत, कोनी उचलल्याबिगर हलायची नाय ती?" बाई हसली. माझ्या हातचे सूप तिने गौरीच्या पायाशी टेकवले. "बाय माझी रागवायची नाय."

त्या शब्दांनी छाती मोकळी झाली. "आई, मी निघते," मी म्हणाले. माझाच आवाज मला नवा वाटला. पदर नाकावर ओढून मी बाहेर पडले. त्या बाईने रिक्षा थांबवून दिली.

दवाखान्यात विचारले, "घरचं कोण आहे?" "मी आहे," मी म्हटले. औषध त्याच दुपारी सुरू झाले. साथीचाच ताप होता. उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला तिथेच वेगळ्या खोलीत ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर सासूबाई पेजेचा डबा घेऊन उभ्या होत्या. काचेवर तळवा टेकवून त्या कितीतरी वेळ रडल्या. पौषात मुलगी झाली.

ती बाई शेजाऱ्यांची पाहुणी, असे आम्ही समजत होतो. शेजारी ती आमची समजत होते. मी शोध घेतला नाही. फक्त हात जोडले.

आजही गौरीपुढे "तुझी इच्छा" एवढेच म्हणते. मात्र तिची इच्छा कधी कधी माझ्याच पायांनी उंबरा ओलांडते, हे आता मला ठाऊक आहे.