साखरेवानी का तुपावानी

कोणालाही जांभई आली की मावशी चुटकी वाजवायच्या. कोणालाही म्हणजे अगदी कोणालाही. दळणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला, विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसाला, ओट्यावर आडव्या झालेल्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा. समोरचं तोंड उघडायला लागलं रे लागलं की मावशींचा पिठाने माखलेला हात पुढे यायचा आणि चुटकी वाजायची. चुटकीबरोबर थोडंसं पीठही उडायचं.

तुमच्याही घरात लहान बाळाच्या जांभईला चुटकी वाजवणारं कोणीतरी असेल. पण मावशींना वयाची अट नव्हती. त्यांच्या मते जांभईत उघडलेलं तोंड तसंच अडकून राहू शकतं. वडनेर भोलजी गावातल्या एका लग्नात त्यांच्या नात्यातल्या एका माणसाला ऐन मंगलाष्टकांत जांभई आली आणि जबडा अडकला. पाहुण्यांनी टाकलेल्या अर्ध्या अक्षता त्याच्याच तोंडात गेल्या, असं त्या शपथेवर सांगत. चुटकीने जबडा कसा थांबेल, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "जबडा नाई वं थांबत. जबड्याच्या मालकाले जाग येते."

चिखलीला शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मी त्यांच्या पिठाच्या चक्कीला लागून असलेली खोली भाड्याने घेतली. मध्ये एकच भिंत होती. चक्की सुरू झाली की माझ्या खोलीतल्या कपबशा थरथरायच्या. मावशी एकट्याच राहत, चक्की स्वतः चालवत आणि दिवसातून अनेकदा म्हणत, "काई नाई होत."

ऐकणाऱ्याला वाटावं, किती धीराची बाई. मलाही आधी तसंच वाटलं. मग एकदा चक्कीचा फिरता पट्टा तुटून भिंतीवर आपटला. मी धावत गेले, तर मावशी गव्हाच्या पोत्यावर बसल्या होत्या, ओठ पांढरे पडले होते आणि त्या "काई नाई होत, काई नाई होत" म्हणत होत्या. तेव्हा मला कळलं की मावशी घाबरल्या की हे म्हणतात. आणि त्या दिवसातून अनेकदा घाबरत.

आता माझ्या जबड्याचं सांगते, कारण मावशी मला खऱ्या कळल्या त्या त्याच्यामुळे. माझा खालचा जबडा लहानपणापासून पुढे आलेला. वरचे आणि खालचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. पेरूचा घास पुढच्या दातांनी तोडणं मला माहीत नव्हतं. शिकवताना 'स' किंवा 'फ' असलेला शब्द आला की मी फळ्याकडे तोंड करायची. शेवटी दातांना तारा लावून झाल्या आणि शहरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. जबड्याचं हाड कापायचं, मागे सरकवायचं आणि पट्ट्या-स्क्रू लावून बसवायचं. माझ्या पट्ट्या धातूच्या नव्हत्या. हाड जुळलं की त्या शरीरात हळूहळू विरघळून जाणार होत्या, म्हणजे काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन नको. मला ही सोय फार आवडली होती.

ऑपरेशन झालं. काही दिवस आई येऊन राहिली, पण गावी, पिंपळगाव राजाला, कापूस वेचणीला आला होता आणि तिला जावंच लागलं. जाताना तिने मला मावशींच्या ताब्यात दिलं. मी सुजलेल्या तोंडाने, रबरांनी बांधलेल्या दातांतून जमेल तसं मावशींना सगळं समजावून सांगितलं. पट्ट्या विरघळणाऱ्या आहेत, हेही मोठ्या कौतुकाने सांगितलं.

 मावशींनी विचारलं, "इरघयून जातीन? साखरेवानी का तुपावानी?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी नीट उलगडून सांगितला. साखर पाण्याने विरघळते, तूप उन्हाने. तुझ्या पट्ट्या यातल्या कशाने विरघळतात, ते कळलं तर त्यापासून तुला जपता येईल. मी विज्ञान शिकवते. मी डॉक्टरांना भूल, सूज, टाके, खर्च सगळं विचारलं होतं आणि हे विचारलं नव्हतं.  "मंग हाड जुयाच्या आंधी इरघयल्या तं जबडा कोनाच्या भरोशावर?" असं म्हणून त्या उठल्या, आणि ती भीती माझ्या खोलीत ठेवून गेल्या.

उत्तर माहीत नसल्यामुळे त्यांनी तूप धरून चालायचं ठरवलं. माझं गरम खाणं-पिणं बंद झालं. चहा बशीत ओतून, फुंकून, पार गार झाला की मिळायचा. उन्हात बसायची बंदी आली. गॅसजवळ गेले तरी चक्कीतून हाक यायची. मी मनातून हसत होते, पण एकटी असले की हळूच गालावर हात ठेवून गाल तापला आहे का ते पाहत होते.

खाणं म्हणजे सगळं पातळ, बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने गालाच्या कडेने तोंडात सोडायचं. मावशी मुगाची डाळ भाजून चक्कीत अगदी बारीक दळायच्या, तिचं पाणी करून फडक्यातून गाळायच्या. "तुह्या दाताचं काम सध्या माही चक्की करीन," म्हणायच्या. माझी हनुवटी आणि खालचा ओठ बधिर होते. दूध ओघळलं तरी मला समजायचं नाही, मावशी पदराने पुसायच्या तेव्हा समजायचं. ती बधिरता जाईल की नाही, हे डॉक्टरही ठाम सांगत नव्हते.

उलटी झाली तर श्वास अडकू नये म्हणून दातांची रबरं लगेच कापायची, असं दवाखान्यातून बजावलं होतं. त्यासाठीची छोटी कात्री मावशींनी स्वतःकडे घेतली आणि किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी कमरेला खोचली. दळण दळताना ती चमकायची. कोणी विचारलं की त्या शांतपणे सांगायच्या, पोरगी ओकली की तोंड कापायचं आहे. गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे.

आणि जांभया. पोट भरत नव्हतं, झोप नीट लागत नव्हती, त्यामुळे मला सारख्या जांभया यायच्या. बांधलेल्या तोंडाने जांभई देणं काय असतं ते सांगता येत नाही. आतून सगळं ओढलं जातं आणि वाटतं, आता काहीतरी उसवणार. मावशी माझ्यासमोर बसायच्या, जांभईची चाहूल लागली की एक हात माझ्या हनुवटीखाली धरायच्या आणि दुसऱ्या हाताने चुटकी वाजवायच्या. मला त्या हाताची इतकी सवय झाली की चक्की चालू असली आणि त्या येऊ शकल्या नाहीत, तर मी जांभई गिळून टाकायची.

पुढे रबरं सैल केली आणि तोंड थोडं उघडायला लागलं. अशाच एका दुपारी, मावशी पलीकडे दळत असताना, मला न गिळता येणारी जांभई आली. कानाजवळ 'कट' असा आवाज झाला. मी तशीच बसून राहिले. जीभही हलवली नाही. चक्की थांबल्यावर मावशी आल्या आणि माझं तोंड पाहून त्यांनी काही विचारायच्या आधीच "काई नाई होत" म्हटलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की येऊन एक्स-रे काढा.

शहराच्या एसटीत मावशींनी मला खिडकीजवळ बसवलं आणि प्रत्येक गतिरोधकाला माझी हनुवटी तळहातावर तोलून धरली. कंडक्टरने दाढ दुखते का विचारलं. "दाढ नाई, जबडा हाये. इरघयनारा हाये," त्या म्हणाल्या. तो तिकीट देऊन पुढे सरकला, परत आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एक्स-रे काढून झाला. फिल्मचं पाकीट हातात घेऊन आम्ही डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलो. मावशींच्या भाच्याचा पाय मोडला होता तेव्हाचा एक्स-रे त्यांनी पाहिला होता. त्यात पट्टी आणि स्क्रू पांढरेशुभ्र चमकत होते. त्यामुळे एक्स-रेत काय दिसायला हवं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फिल्म बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. उलटी करून पाहिली. मग माझ्या हातात दिली. माझे दात होते, त्यांच्या तारा होत्या, हाड होतं, हाड कापल्याची रेघ होती. पट्टी कुठेच नव्हती. स्क्रू एकही नव्हता.

"काई नाई होत," मावशी म्हणाल्या.

 इतके दिवस मी त्यांच्या साखरतुपाला मनातल्या मनात हसत होते, आणि त्या बाकावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की परवा मी त्यांना चोरून गरम चहा प्यायले होते. जबडा निखळून हातात येईल असं वाटून मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. मावशींनी त्यावर आपलेही हात ठेवले. आमचा नंबर येईपर्यंत आम्ही अशाच बसून होतो. येणारे-जाणारे पाहत होते. मी आयुष्यात इतकी कधीच घाबरले नव्हते.

डॉक्टर फिल्म पाहून म्हणाले, छान आहे. मग आमची तोंडं पाहून त्यांनी समजावलं की या पट्ट्या एक्स-रेत दिसतच नाहीत, आहेत तिथेच आहेत. आवाज कानाजवळच्या सांध्याचा होता, तो इतके दिवस बांधून आखडला होता. मला एकदम रडू आलं. मावशींना आलं नाही. त्यांचं काम राहिलं होतं.

"डॉक्टरसायेब, ह्या साखरेवानी हायेत का तुपावानी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोडा विचार करून ते म्हणाले की तसं पाहिलं तर साखरेसारख्या, अंगातल्या पाण्यानेच त्या विरघळतात, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. मावशींची नजर तडक माझ्या पाण्याच्या बाटलीवर गेली. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं असावं. ते घाईने म्हणाले, "मावशी, स्लॅब टाकताना खालून सेंट्रिंग लावतात ना? स्लॅब पक्का झाला की ते काढतात. इथे ते आपोआप जातं, एवढाच फरक. तोवर हाड पक्कं झालेलं असतं."

"अन् पक्कं झालं का नाई, हे कसं समजन?"

"चालून पाहायचं त्याच्यावर," डॉक्टर म्हणाले. "थोड्या दिवसांनी मऊ भाकरी द्या."

तो दिवस आला तेव्हा मावशींनी ज्वारी स्वतः निवडून दळली, भाकर थापली आणि तिचा वरचा मऊ पापुद्रा काढून माझ्या हातात दिला. मी तो तोंडात ठेवला. पुढे काही करवेना. दात पहिल्यांदाच दातांवर बसले होते आणि मला ते मिटायची भीती वाटत होती. भाकरीचा तुकडा तोंडात भिजून लगदा होत चालला. मावशींनी हनुवटीखाली हात धरला आणि म्हणाल्या, "काई नाई होत."

घासाच्या आडून मी कशीबशी म्हणाले, "तुम्ही घाबरलात की असं म्हणता."

 मावशी हात तसाच ठेवून म्हणाल्या, "हाव. मले भेव वाटते. माहा मालक याच चक्कीच्या पट्ट्यात सापडून गेला. रोज सकायी बटनापाशी नेला का माहा हात मांगं येते. भेव काई जात नाई, माय. पन लोकाईचे डबे येऊन बसते, मंग दाबा लागते. चाव."

मी चावलं. कसलाही आवाज झाला नाही. मावशींनी हात काढला नाही, अख्खा पापुद्रा संपेपर्यंत.

पुढच्या वर्षी मावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द गेले. भाचा त्यांच्याकडे येऊन राहिला आणि चक्की पाहू लागला. मी शाळेतून आले की मुगाचं तेच पाणी, त्याच सिरिंजने, गालाच्या कडेने त्यांना द्यायची. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेलं त्यांना कळायचं नाही. मी पुसायची.

त्याच दिवसांत माझी शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की स्क्रूंची भोकं हाडाने भरून काढली आहेत, म्हणजे पट्ट्या आता राहिलेल्या नाहीत. मी परत आले ती आधी मावशींकडे गेले. कानाशी वाकून सांगितलं, "मावशी, विरघळल्या. सगळ्या. जबडा आता आपल्या भरोशावर आहे." त्यांचे डोळे भ्याल्यासारखे झाले. त्यांनी डावा हात कष्टाने उचलला, माझ्या हनुवटीखाली नेला आणि खालून हळूच दाबून पाहिलं. मग हात खाली ठेवला.

थोड्या वेळाने त्यांना जांभई आली. वाकडं तोंड उघडत गेलं, उघडतच गेलं. मी एक हात त्यांच्या हनुवटीखाली धरला आणि चुटकी वाजवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काही नाही होत."

ते मी का म्हणाले, हे त्यांना नक्की कळलं असणार. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

मी अजून त्याच खोलीत राहते. पेरू पुढच्या दातांनी तोडून खाते. मागच्या आठवड्यात दळण घेऊन चक्कीत उभी होते. भाचा बटणाजवळ होता. रांगेतल्या एका बाईला मोठी जांभई आली, तोंड पूर्ण उघडलं, मिटलं, आणि कोणीही चुटकी वाजवली नाही. माझा हात मात्र वर आला होता. तो माझ्याच हनुवटीखाली जाऊन थांबला. भाच्याने बटण दाबलं आणि चक्की सुरू झाली.