पत्रांतून लिहिलेला ड्रायव्हर

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं बायको साताऱ्यात आणि मी सांगलीत, असे राहिलो. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, मी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. लॅबमध्ये खरा कॉम्प्युटर एकच. एका कार्डातून त्याला आठ स्क्रीन जोडायचे होते, पण त्यावरच्या बीएसडी नावाच्या खुल्या सिस्टीमला ते कार्ड ओळखता येत नव्हतं. ओळख करून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, परदेशातल्या एका माणसाने लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमसाठी लिहून सगळ्यांना खुला केला होता. मी तो घेतला आणि महिनाभर खपून आमच्या सिस्टीमवर बसवला. आठही स्क्रीन उजळले तेव्हा लॅबमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तिथंच थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण वाटलं, हे बीएसडीवाल्यांना द्यावं, जगभर जाईल. मूळ लेखकाचं नाव आणि वापराच्या अटी सांगणारं त्याचं लायसन्स काढलं, बीएसडीचं घातलं, माझं नाव टाकलं आणि ईमेल केला.

उत्तर सभ्य होतं. मधला भाग ओळीला ओळ दुसऱ्याचा आहे. त्याच्या लायसन्सची अट अशी, की पुढं वाटाल तर त्याच अटींवर वाटा. आमच्या अटी वेगळ्या, म्हणून घेता येत नाही. आणि त्याचं नाव का काढलंत?

शनिवारी साताऱ्याला गेलो तो तोंड पाडूनच. घरात आम्ही गावाकडचंच बोलायचो.

"खुलं ठेवलं हुतं, घेतलं. त्यात चोरी कसली?" मी म्हणालो.

"आवं, घेतलं त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "नाव पुसलं त्याचं काय?"

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली.

"आदी त्या माणसाची माफी मागा."

मागितली. त्याने लिहिलं, राग नाही. पण लायसन्स बदलणं माझ्या एकट्याच्या हातात नाही, त्यात आणखी दोघांचं काम आहे. एक वाट मात्र त्याने सुचवली. तुम्ही कोड पाहिलाय, तर कार्ड कसं वागतं एवढंच लिहून काढा, आणि ज्याने कोड पाहिलेला नाही अशा कुणाकडून ड्रायव्हर नव्याने लिहून घ्या.

"मग मी लिवते की," बायको म्हणाली. आदल्या सुट्टीत ती माझ्याच पुस्तकावरून सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकली होती.

कार्डाबद्दल तोंडी बोलायचं नाही, सगळं कागदावर, असं ठरलं. चुकून मूळ कोडातली एखादी ओळ तोंडून गेली तर सगळंच वाया. मी सांगलीहून लिहायचो, 'कार्ड चालू केल्यावर थोडं थांबावं लागतं.' तिचं पत्र यायचं, 'थोडं म्हणजे किती?' मला ते माहीतच नसायचं. मग कार्डापुढं बसून मोजायचो. महिनाभर ज्याच्याशी झटलो ते कार्ड मला तिच्या प्रश्नांमुळं कळायला लागलं. पत्राच्या तळाशी एखादी ओळ असायची: 'पाचगणीच्या मैत्रिणीनं स्ट्रॉबेरी आणल्या. तुमच्या वाटच्या मीच खाल्ल्या.'

दिवाळीच्या सुट्टीत ती प्रोग्राम लिहिलेली वही आणि माझी पत्रं घेऊन सांगलीला आली. दोन दिवस बसून टाईप केलं. पाच स्क्रीन उजळले, तीन काळेच. ती रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रं काढून चाळली, तर चूक माझी. शेवटच्या तीन जोडण्यांना वेगळी सूचना द्यावी लागते, हे लिहायलाच विसरलो होतो.

"बगा," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि मी रातभर सोताला शिव्या दिल्या."

ती सूचना घालून ड्रायव्हर बीएसडीवाल्यांना पाठवला, आणि या वेळी तो स्वीकारला गेला. लेखक म्हणून नाव तिचं एकटीचं. त्या परदेशी माणसाला तिनेच कळवलं, त्याने तिचं मनापासून अभिनंदन केलं.

पुढच्या जूनमध्ये तिला सांगलीतल्याच शाळेत नोकरी मिळाली. एका घरात राहायला लागलो. सुख होतं, नाही म्हणत नाही. पण पोस्टमन दारावरून पुढं गेला की कितीतरी दिवस मला उगाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.