सतरा नंबरची मेंढी

सोनाबाई मेंढीपाशी जाण्याआधी हात धुवायच्या आणि ते गरम होईपर्यंत काखेत धरून उभ्या राहायच्या. "गार हात लागला की ती आंग चोरती," म्हणायच्या. मग शेपटीच्या मुळाशी दोन बोटं टेकवायच्या आणि बघायच्या मात्र दुसरीकडेच. तिथले ताठ बंध सैल होऊन खळगा पडला असला, की एकच शब्द यायचा, "उद्या." दुसऱ्या दिवशी कोकरू जमिनीवर असायचं.

पुण्याबाहेरच्या मेंढ्यांच्या संशोधन केंद्रावर सोनाबाई गोठ्याचं काम बघत आणि मी प्रबंधाचं. मेंढी विण्याच्या सुमारास तिच्या रक्तातली संप्रेरकं कशी बदलतात, हा माझा विषय. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन शेवटच्या दिवसांत उतरतं, इस्ट्रोजेन चढतं, आणि या सगळ्याची सुरुवात पोटातल्या कोकराकडून होते. हे मी सोनाबाईंना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं. त्यांनी पेंढीची गाठ सोडता सोडता ऐकलं. "म्हंजी कडी आतनं वाजती, आई निस्ती दार उघडती. ह्ये आमच्या म्हातारीला बी ठावं हुतं. तिनं कुनाच्या नळीत रगत भरलं न्हाई, येवढंच."

रक्ताचे नमुने तारखेप्रमाणे घ्यायचे असत. मेंढा कोणत्या मेंढीवर कधी गेला, ते मी खिशातल्या डायरीत टिपायचो आणि तिथून नोंदवहीत उतरवायचो. एकदा सोनाबाई सतरा नंबरच्या मेंढीला घेऊन आल्या. तोंडावर पांढरे पट्टे असल्यामुळे त्या तिला बांडी म्हणत.

"हिचं रगत आज घ्या. उद्या विती."

मी वही पाहिली. "अहो, हिला अजून तीन आठवडे आहेत."

"वहीला आसतील. हिला न्हाईत."

मी चिडूनच नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बांडी व्याली. कोकरू पुऱ्या दिवसांचं, अंगभर लोकर असलेलं. केंद्राच्या प्रमुखांनी वही पुढे ओढली आणि विचारलं, "हे कसं?" सगळ्या प्रयोगावर शंका येणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "सोनाबाईंनी कानातले बिल्ले बदलले असणार. त्यांना आकडे कुठे वाचता येतात?"

सोनाबाई दारातच होत्या. "बिल्ला मी कधी बघतच न्हाई, सायेब. त्वांड बघती. तुमची आय तुमाला काय नंबरावरनं वळखती?"

कोणीतरी हसलं. आठवड्याभरात त्यांना कामावरून काढलं. त्यांच्या नावापुढे शेरा पडला : निष्काळजीपणा, बिल्ल्यांची अदलाबदल.

काही महिन्यांनी प्रबंध लिहिताना जुनी डायरी उघडली. माझ्याच अक्षरात सतराची तारीख वेगळी होती, बरोबर तीन आठवडे आधीची. वहीत उतरवताना मी सतराच्या ओळीत एकाहत्तरची तारीख लिहिली होती. बांडीच्या त्या नमुन्यात प्रोजेस्टेरॉन तळाला गेलेलं होतं, विण्याच्या आदल्या दिवशी असायला हवं तसंच. सोनाबाईंची दोन बोटं आणि माझी प्रयोगशाळा एकच गोष्ट सांगत होती. मी डायरी मिटली, सतराची नोंद प्रबंधातून वगळली आणि पदवी घेतली. पुढे त्याच केंद्रावर निवृत्त झालो. तो शेरा पुसणं माझ्या हातात होतं, तेव्हाही पुसला नाही.

आता मी ऐंशीला आलो आहे. मागच्या महिन्यात सगळं कागदावर लिहिलं, सोबत डायरीचं पान जोडलं आणि पत्ता शोधत पुण्याजवळच्या मांजरी गावाला गेलो. ऊस होता तिथे आता इमारती आहेत, त्यांतल्या एकीत सोनाबाई लेकीकडे राहतात. डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मी नाव सांगितलं, चूक सांगितली. लेकीने, अलकाने, कागद मोठ्याने वाचला.

 सोनाबाई म्हणाल्या, "पन्नास वर्सं गाभण हुता व्हय, सायेब? लई अवघडला आसाल."

त्यांनी लेकीच्या हातातून कागद घेऊन मांडीवर ठेवला.

"आन् बांडीचं काय केलंसा?"

"तिची नोंद काढून टाकली."

"तिची बी काढली!" त्या हसल्या. मी माफीचं काहीतरी पुटपुटू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ द्या. ह्यो कागद हितं वाचून काय उपेग? जिथं मला काढली, तिथं वाचा. समद्यांम्होरं. मी येती."

केंद्राच्या आताच्या प्रमुखांनी आधी टाळाटाळ केली. इतक्या जुन्या गोष्टी कशाला, म्हणाले. मी रोज जाऊन बसायला लागलो, तेव्हा होकार दिला. येत्या सोमवारी सकाळी गोठ्यासमोर मी तो कागद वाचणार आहे. शेरा रद्द होईल आणि प्रबंधाच्या प्रतीत सतराची नोंद सोनाबाईंच्या नावानिशी लागेल.

काल फोनवर अलका म्हणाली, "आईने चार वेळा वाचून घेतला हो कागद." मागून सोनाबाईंचा आवाज आला, "त्यास्नी सांग, भ्याला तरी मधलं गाळू नगा. मला पाठ हाय."