नवी मेरी

हेस्टरला लहानाची मोठी करणारी मोलकरीण मेरी गेल्या महिन्यात वारली. आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात घरच्या तंबाखूच्या मळ्यावर सुट्टीला आलेली सतरा वर्षांची गोरी हेस्टर फुलं घेऊन तिच्या गावी गेली. बायका म्हणाल्या, "मेरी? या नावाचं इथं कुणी नव्हतंच."

तणतणत घरी येऊन तिने आईला गाठलं. "तिचं खरं नाव काय होतं?"

"मला काय ठाऊक? आजीकडची पहिली बाई मेरी होती, तेव्हापासून आपल्याकडे येईल ती मेरीच. दर वेळी नवं नाव कोण लक्षात ठेवणार?"

"कुत्र्यांची बरी राहतात लक्षात! मेलेल्या सातही कुत्र्यांच्या थडग्यांवर नावाच्या पाट्या लावल्यास तू!"

"आवाज खाली. आणि तू तरी कधी विचारलंस?"

हेस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यात जास्त राग आईचं खरं होतं याचा आला. जिच्या पाठीला बांधलेली ती वाढली, तिला तिनेही कधी नाव विचारलं नव्हतं.

तेवढ्यात एक अनोळखी काळी बाई चहा घेऊन आली. हेस्टर ताडकन उठली. "बाई, तुमचं नाव काय?"

बाईने आधी मालकिणीकडे पाहिलं.

"मेरी," ती म्हणाली.