आवणीत शिरलेला रेडा

संगमनेरच्या स्टँडवर मला राजूरच्या एसटीत बसवताना दादा (माझे वडील) म्हणाले, "घरात पहिली बीएस्सी झालीस, आन आता लोकांची नखं बघत फिरतीस!"

"नखं नाही दादा, नखाच्या मुळाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात..." तोवर गाडी सुटली.

संधिवाताच्या काही आजारांची चाहूल या वाहिन्यांत आधी लागते. त्या बघायचं मोठं यंत्र शहरात. आमच्या डॉक्टर मॅडमनी मोबाईलला चिमट्याने लावायचं स्वस्त भिंग दिलंय. मी फोटो काढायचे, त्यांनी संगमनेरात बसून बघायचे.

अकोले गाव मागे पडलं, डोंगर जवळ आले, हवा गार झाली. राजूरला उतरून आधी पेढा खाल्ला. मग शाळेच्या खोलीत तपासणीचं टेबल मांडलं आणि कळलं, तेलाची बाटली घरीच राहिली! नखाशी तेलाचा थेंब टाकल्याशिवाय कातडी नुसती चमकते, आतलं दिसत नाही.

पहिल्या आल्या धोंडाबाई आणि त्यांची सून मंगल.

"गार पान्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडत्यात, मग निळी," मंगल म्हणाली.

"भांडी दिसली की पडत्यात," सासूबाईंनी पुस्ती जोडली.

मंगल खाली बघू लागली. खोलीच्या उबेत बोटं अगदी चांगली दिसत होती. पुरावा दाखवणार कुठून?

"मावशी, तेल आहे का?"

"खुरसणीचं (कारळ्याचं) हाय, आत्ताच बाजारात घेतलंय. पन भाजीपुरतं ठेव! आन आधी माझं बोट बघ."

मोबाईलच्या पडद्यावर एकसारख्या रांगा उमटल्या. धोंडाबाई हरखल्या. "ही तर आवणी (भाताची लावणी)! बघ कशी सरळ हाय, माझ्या हातची!"

मग मंगलचं बोट. कुठे रांग गायब, कुठे नळी फुगलेली, मधेच रक्ताचे डाग. धोंडाबाई वाकून बघत राहिल्या.

"आगं, हिच्या आवणीत रेडा शिरलाय!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

फोटो पाठवताच मॅडमचा फोन आला, "नुसत्या फोटोवर ठरत नाही. तपासायला आजच घेऊन ये."

"कवापास्नं गं?" सासूने विचारलं.

"तीन आवण्या झाल्या."

"बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तुमी म्हनला, भांडी."

संध्याकाळच्या एसटीत आम्ही तिघी. हातमोजे मिळाले नाहीत, म्हणून धोंडाबाईंनी पुरुषांचे लोकरी पायमोजे घेऊन सुनेच्या हातांत चढवले होते.

"मावशी, पायातले हातात?" कंडक्टर हसला.

"तू तिकीट फाड. भांडी आता मी घासनार हाय, तुला काय करायचंय?"

मंगल खिडकीकडे तोंड करून हसत होती. मला माझ्या भिंगाचा अभिमान वाटला, आणि जरा चरफडही झाली. मंगल तीन वर्षं तेच सांगत होती. बिनभिंगाचं कुणी ऐकलं नव्हतं.

स्टँडवर दादा उभे होते. धोंडाबाईंनी विचारलं, "ही तुमची पोर व्हय? लई बारीक बघती."

दादांनी माझी पिशवी घेतली आणि ते म्हणाले, "चला, दवाखान्याची वाट मी दाखवतो."

सगळ्यांत पुढे ते निघाले, आज तपासणी जणू त्यांनीच केली होती.