पडदा ओढून ऐकलेली कविता

उपासाच्या दिवशी फ्रीजमध्ये वाट्या साठतात ना, तसे किस्से साठतात. टाकवत नाहीत. माझे बरेचसे इथल्या, न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावच्या लायब्ररीतल्या वाचनगटातले, म्हणजे इरिनाताईंचे. ताई सत्तरीच्या, रोमानियाच्या. तिकडची हुकूमशाही पडल्यावर मुलीकडे आल्या. 'ताई' मीच लावलं.

२०१३ साली मी गटात नवीन होते. गट चालवणाऱ्या मार्गारेटने पावसावरची कविता वाचली. ताई माझ्या कानाशी लागल्या, "कुणाविरुद्ध आहे?"

मार्गारेटने ऐकलं. "पावसाबद्दलच आहे."

"मग इतक्या हळू का वाचलीस?"

*

ताईंच्या भाचीने तिकडच्या नव्या कादंबऱ्या पाठवल्या.

"आमच्या वेळी तीन ओळींसाठी माणसं तुरुंगात जायची. आता तीनशे पानं, नुसता घटस्फोट."

"वाईट आहेत का?"

"छे गं. वाचता वाचता झोप लागते. आम्हाला कधी लागली नव्हती."

*

एकदा मी त्यांना साबुदाण्याच्या खिचडीची कृती लिहून दिली. त्यांनी दोनदा वाचली, कागदाचे बारीक तुकडे केले आणि कपात उरलेल्या चहात बुडवले.

"अहो, खिचडीच आहे!"

"पाठ झाली."

*

त्यांच्या धाकट्या बहिणीची, आनाची, एक कविता होती. बावीस ओळी. आना तुरुंगातच वारली. कविता उरली फक्त ताईंच्या डोक्यात. पुढे तिकडे कुणीही काहीही छापू लागलं, तरी ताईंनी ती कागदावर उतरवली नाही. आणि आता डॉक्टर म्हणत होते, स्मरणशक्ती जाणार.

मार्गारेट रेकॉर्डर घेऊन धावली. ताई तिच्याशी तासभर हवामानावर बोलल्या.

मग मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "आमच्यात व्रताची कहाणी कुणाला तरी सांगावी लागते. ऐकणारीने मुठीत अक्षता धरायच्या, बस. कागद नाही."

ताईंनी उठून पडदा ओढला. "एकच नियम. कुणी सांगितली असं विचारलं, तर नाव घ्यायचं नाही. कुणाचंही. माझंसुद्धा."

दर मंगळवारी दोन ओळी. अर्थ कळत नव्हता, पण लहानपणी स्तोत्रांचा तरी कुठे कळत होता? नेम मोडला नाही. बावीसही ओळी पाठ झाल्या.

*

पुढच्या हिवाळ्यात, असंच पडदा ओढून बसलो असताना, ताई सोळाव्या ओळीवर थांबल्या. पुढचं येईना. सतरावी मी म्हटली.

माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की अक्षता सोफ्यावर सांडल्या.

"ही तुला कुणी सांगितली?"

मला त्यांनी ओळखलंच नव्हतं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी मनगट सोडलं. मग सोफ्यावरचा एकेक तांदूळ वेचून माझ्या मुठीत ठेवला.

"अठरावी म्हण."