तीन शब्दांचं उत्तर

कॉलेजच्या माजी सैनिक मदत कक्षात ताईंनी नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती; पण इतिहासाच्या वीस गुणांच्या प्रश्नाला तीन शब्दांत वाटेला लावणारा गडी पहिलाच. ‘युद्धाची कारणे सविस्तर लिहा.’ खाली टपोऱ्या अक्षरात: जमीन. पाणी. गर्व.

अख्खा पेपर असाच. शंभरात अकरा. महिन्याभरात फेरपरीक्षा होती. तीही हुकली तर सैनिकांसाठी राखलेली जागा जाणार, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोण दारात उभं करतंय?

“अहो वायरलेसवाले, अभ्यास केला होता ना?”

“सगळा पाठ आहे, ताई.”

“मग लिहायला काय हात दुखतो?”

“चुकीचं लिहिलंय का काही?”

ताईंना हसू आवरेना. चूक खरंच कुठे नव्हती.

“एकवीस वर्षं वायरलेसवर काढली,” तो म्हणाला. “निरोप लांबला की तेवढा वेळ बाकीच्यांची वाट अडते. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला मदत मागायची असली, तर?”

ताईंनी पेपर फाइलमध्ये घातला. मग म्हणाल्या, “तुमचा एखादा निरोप सांगा बरं.”

“पूल गेला.”

“बस्स?”

“बस्स.”

“आणि तो पाठवताना समोर काय दिसत होतं?”

तो खिडकीकडे वळला. मग सुरू झाला. मधला खांब आधी कसा कण्हला. पाण्याचा रंग कसा फिरला. पलीकडे नऊ जण अडकले. हाक पोचेना, म्हणून त्यातला एक नुसतीच टोपी हलवत होता. ताई हातातली फाइल खाली ठेवायचीही विसरल्या. दोन शब्दांत एवढं सगळं दाबून बसवायचं, आणि ते घेऊन ताठ पाठीने चालत राहायचं! माणसाला हे जमतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

“असंच लिहा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “इथे मागे कुणी खोळंबलेलं नाही. तीन तास वाट तुमची एकट्याची.”

फेरपरीक्षेत त्याने चार पुरवण्या घेतल्या.

आठवड्याने इतिहासाचे सर उत्तरपत्रिका घेऊन स्वतः कक्षात आले. ताईंनी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

“पास आहेत,” ते म्हणाले. “पण शेवटचं वाक्य घंटा झाल्यामुळे अर्धंच राहिलंय. त्या नऊ जणांचं पुढे काय झालं, ताई?”

ताईंना त्या दिवशी ते विचारायचा धीर झाला नव्हता.